मूर्तीच्या डोळ्यावर किती उजेड

१४ जुलैला कारखान्यातले बल्ब पुन्हा बदलायचे होते. पेणला गणपतीच्या कारखान्यात या दिवसांत रंगकामाची घाई असते, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पुढून प्लास्टिक सोडलेलं असतं. सगळी भिस्त बल्बवर.

आमच्याकडे मूर्तींचे डोळे मोठी जाऊ आखते. या हंगामात तिची रेघ हलायला लागली. आदल्या दिवशी तिने कुंचला धुऊन ठेवला. "दुसरा आखणीवाला बघ गो. माझे डोळे गेले." चष्मा नुकताच तपासून आणला होता, नंबर बरोबर होता. मी जास्त वॅटचे एलईडी आणून छताला लावले होते. "आता डोळे दिपतात. रेघ हाय तशीच हाय," ती म्हणाली.

धाकटी बहीण रोह्याला एका कंपनीत सेफ्टीचं काम बघते. कामाच्या टेबलावर उजेड पुरतो का, ते मोजायचं यंत्र साहेबांना विचारून ती घेऊन आली. बल्बचा खोका बघून हसायला लागली.

"ताई, वॅट बघून बल्ब आणलास? वॅट म्हणजे वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेन. आणि मूर्तीच्या तोंडावर त्यातला किती पोचतो, ते लक्स. तुमचा सगळा उजेड माळ्यावरचे उंदीर बघतायत."

तिने यंत्राची पांढरी चकती मूर्तीच्या तोंडावर धरली. आकडा दोनशेच्या आसपास. जाऊ नेहमीसारखी मूर्ती कलती घेऊन वाकली आणि आकडा घसरून साठावर आला. बल्ब डोळ्यांत येऊ नये म्हणून आम्ही सगळ्या त्याच्याकडे पाठ करून बसतो. तिच्या डोक्याची सावली नेमकी गणपतीच्या डोळ्यावर.

मी यंत्र घेऊन अंगणात गेले. पाऊस थांबला होता, आभाळ ढगाळ होतं. आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

"बिघडलं नाय, ढगातून येतो तेवढा," बहीण म्हणाली.

मी तिथेच उभी राहिले. रोज शंभरदा त्या प्लास्टिकमधून आतबाहेर करते. एवढा फरक पडतो आणि डोळा मला सांगतसुद्धा नाही, आपलं आपण जुळवून घेतो. असल्या डोळ्याला आम्ही 'गेला' म्हणून मोकळ्या झालो होतो.

आत येऊन एक बल्ब वायरला लोंबता सोडला आणि चकतीपासूनचं अंतर निम्मं केलं. आकडा दुप्पट होईल असा माझा हिशेब. झाला जवळजवळ चौपट. बल्ब तोच, वीज तेवढीच. मी तीनदा खालीवर करून बघितला.

"लहान मूल झालीस काय गो?" जाऊ म्हणाली, पण तीही बघतच होती.

बल्ब डावीकडून, तिच्या खांद्याच्या पुढे आणला. तडा गेलेली एक मूर्ती तिच्यापुढे ठेवली. तिने श्वास रोखून पापणी ओढली. रेघ एका दमात गेली, कुठे हलली नाही. लगेच तिने दुसरा डोळाही आखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून मान वळवता येणारे दोन दिवे आणले, दोन्हींना पत्र्याची टोपी. एक जाऊच्या डावीकडे खिळ्याला बांधला, चकती धरून आकडा बघितला आणि चांगल्या मूर्तींची पहिली फळी तिच्यासमोर सरकवली.