मेन सारुन यांचं आयुष्य, चितेआधी

पुर्साट नदीकाठच्या सात गावांत कुणीही गेलं, की चितेला अग्नी देण्याआधी त्याचं आयुष्य माइकवर वाचायचं काम गावचे विधी सांगणाऱ्या खीम आचारांचं. अहो, काय वाचायचे! आधी राजाचं राज्य, मग सेनापतीचं, मग काळ्या कपडेवाल्या क्रांतिकारकांची उपासमारीची, कत्तलींची पावणेचार वर्षं, मग व्हिएतनामी, मग पुन्हा राजा. काळ्या कपडेवाल्यांच्या वर्षांसाठी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "त्या काळात सगळ्यांसारखेच यांनीही हाल सोसले." मारणारा असो की मार खाणारा, सगळ्यांना हेच. कुणी हरकत घेत नसे. गावात एकमेकांच्या शेजारी राहायचं होतं ना!

मेन सारुन गेले तेव्हा अर्धा जिल्हा लोटला. बावीस वर्षं गावचे पुढारी. शाळा त्यांनी आणली, पूल त्यांनी बांधून घेतला. खीमांचा सकाळचा चहा रोज त्यांच्याच खांबांवरच्या घराखाली, बाजेवर.

सारुनची मुलगी चांथू राजधानीत नोकरी करणारी, तिशीतली. तिनं खीमांच्या हातात कागद ठेवला.

"काका, या वेळी तुमचं ते नेहमीचं वाक्य नको हं! बाबांनी शेवटच्या आठवड्यात सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं. केवढं मोठं काम केलं होतं त्यांनी, अन् कुणाला पत्ताच नाही!"

"वाचतो गं बाई. तुझा बाप म्हणजे घरातलाच माणूस माझा."

कागद आधी नजरेखालून घालायची त्यांना सवयच नव्हती. सगळी आयुष्यं तोंडपाठ झाल्यासारखी! इथंच घात झाला.

मांडवात भिक्षू बसले, माणसं बसली. खीमांनी सूर लावला. जन्म झाला, लग्न झालं, सेनापती आला. "…आणि पुढं त्रापेआंग स्वायचा बंधारा ज्यांच्या हुकमतीत उभा राहिला, ते कॉम्रेड रोअन म्हणजे हेच."

वाक्य वाचून झालं, आणि मग त्याचा अर्थ कळला.

खीम वाचता वाचता थांबले. काळ्या कपडेवाल्यांनी त्या बंधाऱ्यावर वेठीला जुंपलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, बहीण नेआरी सोळाची. रोअनला कुणी पाहिलं नव्हतं. नुसता निरोप यायचा, "कॉम्रेड रोअननी बोलावलंय." ज्याला निरोप आला तो परत आला नाही. नेआरीनं मूठभर तांदूळ लपवला होता. तिनं फावडं खाली ठेवलं आणि ती गेली.

आणि हे सगळं खीमांनी सारुनला सांगितलं होतं! एकदा नव्हे, दहादा, चहा पिता पिता. मेला नुसता ऐकून घ्यायचा आणि कपात चहा ओतायचा. एकदा तर त्यानं विचारलं होतं, "जाताना काही बोलली का रे ती?" देवा रे! कुठल्या तोंडानं विचारलं असेल?

"काका, थांबलात का? पुढं अजून आहे," चांथू हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून अभिमानच होता.

"पोरी, तुझ्या बापानं माझ्या बहिणीला बोलावून नेलं." माइक चालू आहे याचंही भान खीमांना राहिलं नाही. "नेआरी. सोळा वर्षांची होती गं!"

"काहीतरीच काय बोलताय!"

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "माझे दोघं! व्हुत आणि फान!" मग कुणी बापाचं नाव घेतलं, कुणी नवऱ्याचं. ज्यांनी चाळीस वर्षं ब्र काढला नव्हता, ती माणसं रांगेत उभं राहिल्यासारखी एकामागून एक बोलू लागली.

चांथू एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, आणि मग एकदम कडाडली, "मग मला कुणी सांगितलं का नाही? याच गावात वाढले ना मी! तुमच्या मांडीवर खेळले ना!"

चूड धरून उभा असलेला माणूस घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आचार, पेटवू का?"

"थांब. नावं होऊ देत."

उन्हं कलली तरी नावं येतच होती. चांथू बापाच्या शवपेटीला टेकून जमिनीवर बसली होती.

"अजून किती आहेत, काका?"

"ठाऊक नाही गं," खीम म्हणाले. "आम्ही कधी विचारलंच नाही."