मागची जागा

छापखान्यात तीस वर्षं यंत्रं चालवणाऱ्या त्या माणसाला मित्र कानसेन म्हणायचे. नुसत्या आवाजावरून तो यंत्राचा कुठला भाग सैल झालाय ते सांगायचा. दरवर्षी चौघं मित्र दोन होड्या घेऊन नदीवर जायचे, काठावर तंबू ठोकायचे. होडीत मागे बसून दिशा द्यायची ती कायम कानसेननेच. वळणापलीकडच्या खडकाळ उतारावरचं पाणी त्याला दिसण्याआधी ऐकू यायचं. त्याच्या होडीत पुढे बसणारा मित्र, मास्तर, तो सांगेल तसं वल्हं मारायचा.

या वर्षी मास्तर दोनदा म्हणाला, "अरे, उतार आला." कानसेनला ना पाणी ऐकू आलं, ना मास्तर. होडी खडकाला घासली आणि कशीबशी सावरली.

तंबूपाशी ओले कपडे वाळत घालताना कानसेनच्या डोक्यात एकच होतं. कानांचं मित्रांना कळलं, की मागची जागा गेली.

"उद्या मी मागे बसतो," मास्तर म्हणाला. "पाठ धरलीये माझी."

"मागे बसून पाठ सुटते होय?"

"नाही. पण तुझ्या शिव्या तरी समोर पाण्यात पडतील."

कानसेन हसला. मग हळूच म्हणाला, "डावा कान पार गेलाय रे."

"माहितीये. दोन वर्षं तुझ्या उजव्या बाजूने चालतोय मी."

सकाळी कानसेन पुढे बसला. वीस वर्षं त्याने नदी मास्तरच्या पाठीआडून पाहिली होती. आज मध्ये कुणी नव्हतं. वल्हं मांडीवर ठेवून तो बघत राहिला.

"वल्हव की," मास्तर ओरडला.

ते त्याला ऐकू आलं. तरी त्याने मान वळवली नाही.