कोपऱ्यात राहिलेला पट्टा

चपला काढायच्या, उजवं पाऊल गवतावर टेकायचं आणि डोळे मिटून जरा वेळ उभं राहायचं. मग गवत कापायचं की नाही, याचा निकाल. "आज नको, अजून वलं हाय." किंवा, "आज चालंल." पायाला हे कसं कळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गवताला इचारा, मना काय इचारता?"

रोह्याला आमच्या कंपनीत ते माळी होते, ठेकेदाराच्या हजेरीवर. सगळे त्यांना मामा म्हणत. मी खरेदी खात्यात. माझ्या खिडकीसमोर गेटपासून कँटीनपर्यंत लॉन पसरलेलं, त्यामुळे मामांना मी जितकं पाहिलं तितकं फायलींना पाहिलं नसेल. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं काम बघण्यात आपलं काम राहून जातं.

हत्यार एकच, ढकलायचं मशीन. दोन चाकं, मध्ये गोल फिरणारी पाती, वर लांब दांडा. सुरुवात करण्याआधी ते पात्यांत वर्तमानपत्राची पट्टी धरायचे. कागद सुळकन कापला गेला तरच मशीन गवतावर जायचं, नाहीतर कानस घेऊन बसायचे. आमच्या खात्यातल्या पेपरचं अग्रलेखाचं पान कायम कातरलेलं असे. "त्या पानावर चित्रं नसत्यात," हा त्यांचा खुलासा. अग्रलेखाचा इतका रोख उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

सगळं लॉन कापायला तीन दिवस लागत. मग कडा, पाणी, तण. तोवर पहिलं टोक पुन्हा वाढलेलं. "आमचं दोघांचं असंच चालायचं," असं गवताकडे बघून म्हणत मामा पुन्हा दांडा धरत.

ते जित्याहून गाडीने येत. घरची भातशेती होती, पण खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शिरलं ते शिरलंच. "माज्या शेतात आता गवतबी येत नाय," हे ते हसत सांगत. मला हसू येत नसे. घरात ते आणि त्यांची बायको, आणि दोघांचं पोट कंपनीच्या गवतावर.

पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात दर उन्हाळ्यात एक टिटवी अंडी घालायची. मामा तेवढा पट्टा कापत नसत, भोवती चार विटा मांडून ठेवत. तरी ती बया त्यांच्या टकलावर झेप घ्यायचीच. मग हे हात जोडून मागे सरकत, "जातो गो बाय, जातो!" कँटीनची सगळी खिडकी ही गंमत बघायला गोळा व्हायची.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या मशीनच्या चाकातले दाते झिजून संपले. तसंच हाताचं नवं घ्यायचं की विजेचं, असा प्रश्न माझ्या टेबलावर आला. मोठे साहेब म्हणाले, "विजेचं एक दिवस मागवून बघा. मग टिपणी पाठवा."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, विजेचं आलं म्हंजे तरना मानूस आनतील. मना कोन ठेवतंय?"

"मग तुम्हीच चालवून दाखवा," मी म्हणालो. "असं झकास चालवा, की दुसऱ्या माणसाचं नावच निघता कामा नये."

हा सल्ला माझा. तो लक्षात ठेवा, मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मशीनवाल्याने अनवाणी चालवू देणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा स्टोअरमधून एक नंबर मोठे बूट आणले. वायर पात्याखाली येऊ नये म्हणून ती उचलून धरत मी मागून, नवरीचा शालू सांभाळणाऱ्या करवलीसारखा. मामा चालत नव्हते, पळत होते. पाणी प्यायलाही थांबले नाहीत. कोपऱ्यातल्या विटांशी मात्र थांबले, मशीन बंद केलं आणि वळसा घेतला. जेवणाचा भोंगा व्हायच्या आत तीन दिवसांचं काम संपलं.

साहेब बघायला खाली आले. "वा! अर्ध्या दिवसात?"

"व्हय साहेब." मामांचा श्वास पुरत नव्हता. "सवय झाली म्हंजे आजून लवकर हुईल."

"आणि तो कोपरा का राहिला?"

"टिटवी बसलीय, साहेब."

साहेब हसले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला लॉनवर बोलावलं. गवताचे शेंडे पिवळट पडले होते. "हे कापत नाय, तोडतंय," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग हाताचं मशीन घ्या, असं लिहू?"

"नको. विजेचंच लिवा. आन् मना जमतं, तेबी लिवा."

गवताचं न ऐकता दिलेला त्यांचा हा एकच निकाल. मी लिहिलं. लागलेला वेळ, अर्धा दिवस, हेही लिहिलं.

मशीन आलं आणि महिन्याच्या आत ठेकेदाराला पत्र गेलं: लॉनसाठी रोजचा माणूस नको, महिन्यातून दोनदा अर्धा दिवस पुरे. सोबत माझी टिपणी जोडलेली. ठेकेदाराकडे चार कंपन्या फिरणारा माणूस होताच, मामांची हजेरी बंद झाली. मी साहेबांकडे गेलो, कँटीनमध्ये तरी घ्या म्हणालो. "वय बघा त्यांचं," साहेब म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

पावसाळ्यानंतर एका रविवारी मी जित्याला उतरलो. मामा ओट्यावर बसले होते. समोरच्या शेतात पाणी आटून मिठाचा पांढरा थर वर आला होता. त्यांच्या बायकोने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"साहेब, एक इचारू? तवा कोपऱ्यात पट्टा रायला. तिथंच माजं चुकलं ना? मोठं साहेब तिथंच बगत व्हते."

"मी कवाधरनं सांगतेय," बायको दारातून म्हणाली. "पाखरापायी काम घालवलं यांनी."

"नाही मामा, तसं नाही."

"मग कसं?"

उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही फार चांगलं चालवलंत, आणि तसं चालवा म्हणून मीच सांगितलं होतं. एवढंच बोलायचं होतं. मी कपातला चहा बघत बसलो.

मामांनी बायकोकडे वळून मान हलवली. "बगितलंस? साहेबबी दुसरं काय सांगत नाय. कापायला पायजे व्हता तो पट्टा."

गाडीला अजून तास होता, तरी मी उठलो.