गारेगारचा नारिंगी रंग

मानकोलीला माझ्या साइटवर गोदामाच्या पायासाठी काळा दगड फोडत होते. त्याचा जळका वास नाकात गेला आणि त्या दगडावरून निजामपुऱ्यातली, लहानपणची एक दुपार आठवली.

आम्हा दोघी बहिणींत एकच गारेगार मिळायचं, आणि पहिली पाळी ताईची. त्या दुपारी तिने नारिंगी रंग सगळा चोखून घेतला आणि पांढरा बर्फ माझ्या हातात दिला. मी भोकाड पसरलं, "सगळं खाल्लंस!"

ताई शांतपणे म्हणाली, "कुठं खाल्लं? बघ, हाय तेवढंच हाय."

याचं उत्तर मला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकताना मिळालं. जमिनीखाली खोलवर लाव्हाचा समुद्र नाही, तापलेला पण घट्ट दगडच आहे. तो वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातलं लवकर वितळणारं तेवढंच थोडंसं सुटून वर येतं. ते थिजलं की तोच आपला काळा दगड, बेसॉल्ट. बाकीचा दगड खालीच राहतो, जवळजवळ तेवढाच, पण रंग चोखून घेतलेला. हे मी ताईला तेव्हाच ऐकवलं होतं.

आज साइटवरूनच तिला फोन लावला. "ताई, तू चोखलेला रंग इथे सापडलाय."

"मग तो तू घे," ती म्हणाली. "पांढरं मला दे."