आबांचा कोट आणि दादाची भाषणं

आबा हयात होते तोवर दादाला त्यांचा काळा लोकरी कोट डोळ्यांसमोर नको असायचा. आबा म्हणजे आमचे वडील आणि दादा माझा थोरला भाऊ. आमचं घर कळंबला, शेती उसाची. थंडीत आबा धोतरावर कोट चढवून सकाळी पाणी द्यायला निघाले की दादा म्हणायचा, "आबा, रस्त्यानं जाताना तरी काढा की. बँडवालं दिसता." पाहुणे येणार असले की कोट खुंटीवरून नाहीसा व्हायचा आणि नंतर कधी कोठीमागं, कधी बाजेखाली सापडायचा. एका पावसाळ्यात तर विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर पाणी पडू नये म्हणून दादानं तोच कोट पेटीवर टाकला होता. आबांनी तो उचलून आणला, दोन दिवस उन्हात वाळवला, ब्रशनं झाडला आणि परत खुंटीला लावला. 

आबा गेले आणि तेराव्यानंतर त्यांची ट्रंक उघडली. आमची चुलती म्हणाली, "गेल्या माणसाचं कापड अंगाला लावू नये. कुणाला तरी देऊन टाका." दादानं कोट छातीशी धरला आणि म्हणाला, "काकी, हे कापड न्हाय. हा माजा बाप हाय." ओसरीवर बसलेल्यांपैकी दोघातिघांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मला वाटतं, कोटाची खरी किंमत दादाला त्याच क्षणी कळली असावी.

मीही काही मागं राहिले नाही. मी इंदापूरला हायस्कूलात शिक्षिका आहे. मी आबांचं मनगटी घड्याळ घेतलं. बायकी मनगटावर ती तबकडी पापडाएवढी दिसते, त्यामुळं कुणीतरी विचारतंच. विचारलं की मी आवाज खाली आणून "वडलांचं" म्हणायचे आणि स्टाफरूममध्ये क्षणभर शांतता व्हायची. ती शांतता मला आवडायची, हे कबूल केलेलं बरं. महिनाभरानं ध्यानात आलं की घड्याळ चालत नाही. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे काय आत्ता बंद पडलेलं नाही. आत सगळा गंज आहे. चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

शेवटच्या काही वर्षांत आबांचा मला रोज दुपारी फोन यायचा. "किती वाजलं गं?" एवढंच विचारायचे. हातात घड्याळ असताना म्हातारा उगाच फोन करतो, असं मला वाटायचं. "आबा, तास चालू हाय, ठेवते," असं म्हणून मी फोन कापायचे. किती वाजले हे मी कितीदा सांगितलं असेल, आठवत नाही. फार वेळा नसावं. दुरुस्तीवाल्याला मी म्हटलं, राहू द्या तसंच. आणि परत मनगटावर बांधून दुकानाबाहेर पडले. मिरवण्यात आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मातीचे.

तिकडं दादानं बारामतीला नेऊन कोट ड्रायक्लीन करून घेतला. आबा सडपातळ होते, दादाचं पोट सुखवस्तू आहे. शिंप्यानं बगला उसवून, कापड घालून कोट सैल केला, तरी बटणं लागेनात. मग दादा तो उघडाच घालू लागला. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला कोट, ग्रामसभेला कोट, दहाव्याला कोट, गावच्या विकास सोसायटीच्या वार्षिक सभेलाही कोट. म्हातारी माणसं "आबांची सय आली बघा" म्हणत त्याला पुढची खुर्ची देऊ लागली. पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्याला आमच्याकडं आज ना उद्या माईक मिळतोच. माईक मिळाला की दादा सांगायचा, "माझ्या सोयरिकीच्या वेळी आबांनी पोटाला चिमटा काढून पुण्याहून हा कोट शिवून आणला." मग तो कोटाची डावी बाजू उलटी करून अस्तराला लावलेलं निळं ठिगळ दाखवायचा. "आणि हा आमच्या आईच्या हातचा टाका हाय." इथं त्याचा गळा दाटायचा. न चुकता दाटायचा. पुढं सोसायटीच्या संचालक मंडळावर तो बिनविरोध गेला.

गेल्या वैशाखात वहिनींच्या भाच्याचं लग्न होतं. बारामतीच्या बाहेर, इंदापूर रस्त्याला मोठं लॉन घेतलं होतं. बाराचा मुहूर्त. कुलर गरम वारा मारत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या आणि दादा लोकरी कोटात उभा होता. त्याच्या कानामागून घाम ओघळत कॉलरीत शिरत होता. वहिनी मला म्हणाल्या, "सकाळी म्हटलं, निदान आज तरी ठेवा. तर म्हणतात, आज तर पायजेच, स्टेजवर बोलवणार हायत."

बोलावलंच. अक्षता लांबवून आधी सत्कार झाले. दादाला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली. उन्हाळ्यात कोट, वर शाल, वर फेटा. तशात दादानं वधूवरांना आशीर्वाद म्हणून आबांचं चरित्र सांगितलं. पोटाला चिमटा झाला, पुणं झालं, ठिगळ झालं, गळाही दाटला. नवरदेव अंतरपाटाकडं बघत उभा होता.

जेवणं उरकल्यावर आम्ही तिघं मांडवाच्या कडेला सावलीत उभे होतो. तिथं काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. पिंपळीचे होते ते, भाजीपाल्याचे बागायतदार. आबा आणि ते तरुणपणी बारामतीच्या बाजारात वांगी-टोमॅटो एकाच गाडीतून न्यायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मी आणि वहिनी वाकून पाया पडलो. तात्यांनी दादाची बाही धरली, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि डावी बाजू स्वतःच उलटी केली. ठिगळावरून अंगठा फिरवला.

"हे आमच्या मंडळीनं लावलंय," तात्या म्हणाले.

दादा हसला. "तात्या, तुमचा घोळ होतोय. हे आईनं..."

"तुजी आई गोधड्या शिवायची, तिचा टाका लांब. ह्यो बारीक टाका हाय. निळ्या खणाचं कापड हाय. त्या खणाची चोळी मी घेतली व्हती तिला." तात्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसंही नव्हतं. "तुजी सोयरीक ठरायची व्हती तवा तुजा बाप माज्याकडं आला. म्हणला, पाहुणं बारामतीचं हायत, मोठं हायत, दोन तासापुरता कोट दे. मी दिला. मग तुजं लगीन झालं, पोरं झाली. मी कंदी मागितला न्हाय, त्यानं कंदी दिला न्हाय. दोस्तच व्हता माजा."

दादा माझ्याकडं बघू लागला, मी वहिनींकडं. वहिनी आधी गंभीर होत्या. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की वाढपी थांबून बघू लागले.

"म्हणजे आमच्या वडलांनी तात्यांचा कोट बघून पोरगी दिली," त्या म्हणाल्या. "वडील घरी येऊन सांगत होते, सासऱ्याच्या अंगावर असा कोट हाय, काय कमी न्हाय त्या घरात."

दादानं शाल काढून खुर्चीवर टाकली, कोट उतरवला. आतला पांढरा शर्ट पाठीला चिकटून पारदर्शक झाला होता. कोट दोन्ही हातांवर घेऊन तो तात्यांपुढं धरून म्हणाला, "घ्या तात्या. तुमचीच चीज हाय." मला माझा भाऊ चांगला माहीत आहे. तात्या म्हणतील, राहू दे लेकरा, तुला शोभतोय; मग हाही एक प्रसंग माईकवर सांगता येईल, असा त्याचा अंदाज होता.

तात्यांनी कोट घेतला. नीट घडी केली, ठिगळाची बाजू वर ठेवली.

"मंडळी गेल्या साली गेली," ते म्हणाले. "तिच्या हातचं असं काय ऱ्हायलं न्हवतं घरात. बरं झालं तू जपला."

"घालून बघता का?" दादानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"ह्या उन्हात?" तात्या म्हणाले. "येडा का खुळा." आणि काठी टेकत, कोट बगलेत धरून निघून गेले.

परतीच्या वाटेवर दादा गाडीत फेटा मांडीवर घेऊन बसला होता. वहिनी मधूनच खिडकीकडं तोंड करून हसत होत्या. मला त्याची थोडी दयाही आली. घरी आबांचा भिंतीवरचा फोटो त्याच कोटातला आहे. फोटो स्टुडिओत नेऊन कोटाच्या जागी साधा सदरा बसवून आणतो, असं दादा म्हणाला तेव्हा वहिनींनी सांगितलं, "खबरदार. त्या फोटोला मी रोज हार घालते ते कोटासकट."

नंतर एकदोनदा दादा पिंपळीला जाऊन आल्याचं कळलं. तात्या त्याला आबांच्या गोष्टी सांगायचे. बैल विकल्यावर आबा दोन दिवस जेवले नव्हते, बाजारातल्या एका मारामारीत त्यांनी तात्यांना पाठीशी घातलं होतं. हे दादानं मला फोनवर सांगितलं, साध्या आवाजात, गळा न दाटवता. ऐकून मला वाटलं, कोट गेला हे एका अर्थी बरंच झालं. बाप आता कुठं दादाच्या हाती लागतोय.

डिसेंबरात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. सोसायटीचे संचालक म्हणून दादा प्रमुख पाहुणा होता. स्टेजवर तो पांढऱ्या सदऱ्यात आला, माईक हातात घेतला आणि प्रामाणिकपणावर बोलू लागला. म्हणाला, शेवटच्या घटकेला आबांनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, पोरा, कोट दुसऱ्याचा हाय, मालकाला शोधून परत दे. मी गावोगाव हिंडलो, मालक शोधला, भर मांडवात अंगावरचा कोट उतरवून दिला. इथं त्याचा गळा दाटला. पुढच्या ओळीतल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

आबांच्या शेवटच्या घटकेला उशाशी मी होते. दादा औषधं आणायला गेला होता. आबांनी मोटार बंद केली का, एवढंच विचारलं होतं.

आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. मी प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले, त्यांच्या मौलिक विचारांचा उल्लेख केला आणि मुलांना राष्ट्रगीतासाठी उभं राहायला सांगितलं.