तेल सांडलेल्या शेतातली येळवस

यंदा येळवशीला जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. ऑफिसात कामं तुंबलेली, गुडघे कुरकुरत होते आणि पावसाळा सरल्यापासून आक्काच्या फोनवर तेलाशिवाय दुसरा विषय नव्हता. ऐकून ऐकून मीच दमले होते.

आक्का माझी थोरली बहीण. मंगळवेढ्याच्या पुढे तिचं शेत आणि वस्ती आहे. शेताशेजारच्या पुलावरून एक टँकर उलटला, त्यातलं कारखान्याच्या बॉयलरचं काळं तेल ओढ्यानं वाहत येऊन तिच्या शेताच्या सखल पट्ट्यात साचलं. ड्रायव्हर वाचला, हे बरं झालं. पण तेल अडलं ते एका मातीच्या बांधाला, आणि बांधापलीकडे विहीर. अख्खी वस्ती त्या विहिरीचं पाणी पिते.

आता पैसे कुणी द्यायचे? सरपंचांचा गट म्हणतो, टँकरवाल्यानं. माजी सरपंच अण्णांचा गट म्हणतो, पुलाला कठडा न बसवणाऱ्या ठेकेदारानं. ठेकेदार सरपंचांच्या पक्षाचा, टँकरवाला अण्णांच्या ओळखीचा. म्हणजे घोडं कुठं अडलं ते कळलं असेलच. एका बाबतीत मात्र दोघांचंही आक्काला सांगणं सारखंच होतं: मातीला हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. पुरावा हलवला की भरपाई बुडाली.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "ये की गं. दोघास्नीबी एकाच पंगतीला बोलावलंय. आपलं म्हणून कुणीतरी असू दे." एवढं म्हटल्यावर कसली विश्रांती!

जुळे सोलापुरातून सकाळी रिक्षानं निघाले. सात रस्त्याला सिग्नलवर अडकून पहिली गाडी चुकली, दुसरी मिळाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं नाव नाही. रस्ता आता रुंद झालाय, दीड-दोन तासांत मंगळवेढा येतं. खिडकीची जागा धरा. बेगमपूरला भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ज्वारीच ज्वारी, पोटऱ्यात आलेली, कंबरेच्या वर. स्टँडसमोर गरम भजी आणि चहा घेऊन मी पुढच्या वडापच्या जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईच्या माणसानं ह्या वाटेला जाऊ नये.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "कुनाकडं?"

सांगितलं.

"तेलवाल्यांच्यात व्हय!" त्या म्हणाल्या.

आक्काच्या घरानं तीन पिढ्या ह्या गावाला ज्वारी खाऊ घातली. आता ती तेलवाली झाली होती. मला फार राग आला, आणि राग गिळून मी बाहेर बघत बसले.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्षातली अमावस्या. धरणी गरोदर असते म्हणतात आणि हे तिचं डोहाळजेवण. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. त्या दिवशी शेताजवळून जाणाऱ्या कुणालाही जेवायला हाक मारायची आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, वैरी असला तरी. तुम्हाला जायचं असेल तर खुशाल जा, ओळख लागत नाही. फक्त पोट रिकामं ठेवा.

आधी आक्का मला तो पट्टा दाखवायला घेऊन गेली. डांबरासारखी काळी, चिकट माती, त्यावर वाळका पाला चिकटलेला. वासानं माझं डोकं धरलं. बांधाच्या विहिरीकडच्या पायथ्याशी तिनं बोट लावलं आणि मला दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"पाझरायला लागलंय. आभाळ बगितलंस न्हवं? एक अवकाळी आला की विहिरीत उतरतंय बग."

"मग उचल की माती."

"तुजे दाजी म्हंत्यात, थांबू. भरपाई मिळंल."

दाजी जवळच होते. ते ओढ्याकडं बघत राहिले.

दुपारी पंगत बसली. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, गव्हाची खीर, आणि माठातली आंबील. (ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पालेभाज्या, तुरीचे-वालाचे ओले दाणे ताक-बेसनात शिजवतात. नुसती वाटीवाटीनं खावी.) सरपंच कडक इस्त्रीत आले, अण्णा धोतर सावरत. एकमेकांना बघून दोघेही दचकले, पण येळवशीचं ताट सोडून जायची हिंमत दोघांतही नव्हती. आक्कानं त्यांना शेजारी शेजारी बसवलं.

दुसऱ्या वाटीला सुरुवात झाली. "अण्णा, टँकरवाल्याला जरा सांगा की तुमच्या," सरपंच म्हणाले.

"कठडा असता तर टँकर पडला असता का? ठेकेदार कुनाचा हाय?"

"ड्रायव्हर डुलक्या काढत हुता."

"तू हुतास काय गाडीत?"

एकीकडं खीर वाढा, एकीकडं भांडण. भांडणात विहिरीचं नाव एकदाही निघालं नाही.

जेवणं झाली की चर शिंपतात. आंबिलीची घागर घेऊन मालकानं शेताला फेरा घालायचा, पिकावर शिंपडत जायचं, आणि आलेल्या पाहुण्यांनी अनवाणी मागून चालायचं. फेरा मधेच सोडत नाहीत. दाजी पुढं निघाले, मागं आक्का, मग सरपंच, अण्णा, आम्ही सगळे. दरवर्षी फेरा वरच्या बांधानं जातो. यंदा दाजी वळणावर थांबले आणि आक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली. दाजी खाली वळले, थेट काळ्या पट्ट्यात.

"आवो दाजी, तिकडं कुटं?" सरपंच ओरडले.

"शेत हितंबी हाय की," आक्का मागं न बघता म्हणाली. "डोहाळजेवनात हिलाच उपाशी ठिवू व्हय?"

कुणीच फेरा सोडला नाही. घोट्यापर्यंत पाय त्या चिखलात रुतत होते, सुटताना चपचप आवाज येत होता. अण्णांचं धोतर गेलं, सरपंचांची पँट गेली. माझी साडीही गेली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

पाण्यानं ते निघेना. शेवटी गोडंतेल आणि राख घेऊन दोघे पुढारी एकाच बाजेवर पाय चोळत बसले.

"हे काय केलंसा आक्का?" सरपंच म्हणाले.

"पुरावा पायाला लागलाय न्हवं? आता तुमीच जपून ठिवा. उद्या मी माती काढनार."

"भरपाई जाईल," अण्णा म्हणाले. ह्यावर दोघांचं एकमत होतं.

"जाऊ दे. विहीर जात न्हाय ते बगते."

अमावस्येला जमिनीला कुदळ लावत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात झाली. मी रजा वाढवली. वस्तीवरची माणसं आली, दोन्ही गटांची. पाणी त्यांचंच होतं. खरवडून काढलेली माती पोत्यांत भरून पुलाजवळ वर रचली, खाली जुना प्लास्टिकचा कागद अंथरून. माझ्या तळहातांना फोड आले. दाजी दिवसभर सगळ्यांच्या पुढं राबले, पण तोंड त्यांचं उतरलेलं होतं. संध्याकाळच्या एसटीत मी बसल्या बसल्या झोपले.

सोलापुरात येऊन आता बरेच दिवस झाले. साडी टाकून दिली. ऑफिसात सहल कशी झाली म्हणून विचारतात, मी भज्जीचं सांगते. बाकीचं सांगायला लागलं की लोक विचारतात, चूक नक्की कुणाची? आणि मग त्यांच्यातच दोन गट पडतात. मला त्याचाही आता कंटाळा आलाय.

परवा आक्काचा फोन आला. अवकाळी येऊन गेला, विहिरीचं पाणी चांगलं आहे. पोती अजून तिथंच आहेत, ती कुणी उचलायची ह्यावर बैठक झाली आणि मोडली.

"आनि काल दोगं मिळून घरी आलते," ती म्हणाली.

"कोण?"

"सरपंच आनि अण्णा. एका गाडीत." कागद टाईप करून आणला होता. माती आम्ही स्वतःहून काढली, आमची कुणाविरुद्धही तक्रार नाही, खाली सही. टँकरवालाही सुटतो, ठेकेदारही सुटतो. इतक्या महिन्यांत दोघांनी पहिल्यांदाच मिळून काही केलं होतं.

"मग?"

"तुजे दाजी म्हनले, सही करून टाक, कटकट मिटंल. मी म्हनलं, तक्रार न्हाय असं कसं लिवू? हाय की."

पैसे मिळणार नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दोघे चहा पिऊन, कागद तसाच घेऊन परत गेले.