आतल्यांनाच न उघडणारी मेल

गुडगावच्या त्या कंपनीत माझ्याखेरीज मराठी बोलणारे एकच गृहस्थ होते आणि ते माझे वरिष्ठ होते. मी दिल्लीच्या करोल बागेत वाढलेली, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. हे वरिष्ठ मूळचे नागपूरचे. फरीदाबादच्या एका कारखान्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळून, पन्नाशीला टेकल्यावर या नव्या काचेच्या इमारतीत आलेले. चारचौघांत मी त्यांना सर म्हणायचे, जेवायला दोघंच बसलो की काका. माझ्या मराठीत निम्मी हिंदी असायची. एकदा ते म्हणाले, “जरा उसंत घे की,” तर मी विचारलं, “म्हणजे?” त्यांना हसूच आवरेना.

परदेशी विमा कंपन्यांचे दावे तपासायचं आमचं काम. ऑफिसची सगळी मेल तेव्हा परदेशातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर असे आणि आमच्या लाइनवरून ती उतरायला इतका वेळ लागे की लोक मेल सुरू करून चहाला जात. मेल सर्व्हर आपल्याच इमारतीत ठेवावा हे काकांच्या मनानं घेतलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांना पटवायला त्यांना कित्येक महिने लागले. शेवटी परवानगी मिळाली. एका शनिवारी आम्ही दोघांनी सर्व्हर चालू केला. काकांनी फरीदाबादला घरी फोन लावून बायकोला सांगितलं, “झालं बरं का. चालतंय.” त्यांचा आवाज तेव्हा पहिला नंबर मिळालेल्या मुलासारखा होता.

सोमवारी ऑफिस भरलं आणि एकाचीही मेल उघडेना.

गंमत अशी की बाहेरून सगळं ठीक होतं. परदेशातल्या लोकांच्या मेल येत होत्या, घरून फोनची लाइन जोडून बघणाऱ्यांना त्या दिसत होत्या. फक्त इमारतीत बसलेल्यांना दिसत नव्हत्या. सर्व्हर काचेच्या दाराआड, हाताच्या अंतरावर, आणि खाली मार्केटमधल्या सायबर कॅफेत आमची टाय लावलेली माणसं आपली ऑफिसची मेल वाचायला रांगेत उभी. कॅफेवाला खूश होता. आमच्या मजल्यावर मात्र लोक काकांकडे बघून आपसात काहीतरी बोलायचे.

आमच्या आणि बाहेरच्या इंटरनेटच्या मध्ये फायरवॉल होती. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं हे ठरवणारं यंत्र. ती बसवली होती एका ठेकेदार कंपनीनं आणि तिचा पासवर्डही त्यांच्याचकडे. काकांनी त्यांच्या इंजिनिअरला बोलावलं. तो तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात नवा मोबाइल.

“फायरवॉल बिल्कुल ठीक है,” तो म्हणाला. “बाहर से मेल आ रही है ना? फिर? आप अपना सर्व्हर देखिए.”

“मुझे बस इसका लॉग दिखा दीजिए,” काका म्हणाले. लॉग म्हणजे फायरवॉलनं काय सोडलं, काय अडवलं याची तिनं स्वतः ठेवलेली नोंद. “मैं कुछ छेडूंगा नहीं.”

“पॉलिसी नहीं है, अंकलजी.”

काकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, फोन केले, साहेबांकडून सांगवून पाहिलं. तो प्रत्येक वेळी हसून टाळायचा. ‘अंकलजी’ हा शब्द त्यांना लागला असावा. सर्व्हर पुसून त्यांनी सगळं पहिल्यापासून चढवलं. तरी तेच.

मग त्यांच्या लक्षात आलं की मेल सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा इमारतीतला आकडी पत्ता टाकला तर मेल उघडते. त्यांना हायसं वाटलं. आम्ही दोघं टेबलाटेबलावर फिरून एकेका कॉम्प्युटरमध्ये तो आकडा भरत गेलो. दुपारपर्यंत सगळ्यांची मेल सुरू झाली. काहींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी आम्ही निवांत जेवलो.

पण तो आकडा इमारतीबाहेर कुणालाच ठाऊक नसतो. साहेब आपला लॅपटॉप घरी घेऊन गेले आणि त्यांची मेल बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

“ऑफिस में चलता है तो घर पे नहीं, घर पे चलता है तो ऑफिस में नहीं,” साहेब शांतपणे म्हणाले. “ये फैक्टरी नहीं है. मेल वापस बाहर भेज दीजिए. और आगे से ये सब ठेकेदार देखेंगे, आप उनको रिपोर्ट कीजिए.”

“थोडा वक्त दीजिए, सर.”

“वक्त ही तो नहीं है.”

काका बाहेर आले, पाणी प्याले, जागेवर बसले. संध्याकाळी बसस्टॉपकडे चालताना मी म्हटलं, “काका, काही दिवसांत शांत होतील ते.”

“होतील,” ते म्हणाले. “पण त्या पोराच्या हाताखाली मला नाही जमायचं गं.”

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

मेल परत बाहेर न्यायला थोडे दिवस लागणार होते, तोवर सर्व्हर चालूच होता. काका नोकरी सोडून गेल्यानंतरच्या आठवड्यात तोच इंजिनिअर आला. चहा घेता घेता मी सहज लॉगचा विषय काढला, तर तो म्हणाला, “हां हां, देख लीजिए ना,” आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. काकांना नाही मिळालेली गोष्ट अशी, बिस्किटाच्या बशीबरोबर, माझ्यासमोर आली.

लॉगमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. आमच्या कॉम्प्युटरनं सर्व्हरचं नाव सांगून पत्ता विचारला की त्याला बाहेरचा पत्ता मिळे, म्हणजे फायरवॉलच्या बाहेरच्या अंगाचा. मग आतली मागणी फायरवॉलपर्यंत जाई आणि तिथून वळून परत आत येऊ पाही. तशी वळून येणारी मागणी सोडायचा नियमच तिच्यात नव्हता. ती निमूट टाकून देत होती. सर्व्हरचा यात काही दोष नव्हता. काकांचाही नव्हता.

मी एका जुन्या कॉम्प्युटरवर आमच्यापुरता, नावावरून पत्ता सांगणारा छोटा सर्व्हर उभा केला. इमारतीतून कुणी विचारलं तर आतला पत्ता सांगायचा. बाहेरच्यांना पहिल्यासारखा बाहेरचा मिळेल. नाव एकच, उत्तरं दोन. मग कॉम्प्युटरांमध्ये आकड्याऐवजी पुन्हा नाव भरलं. काम संपायला फार वेळ लागला नाही. मेल आत उघडली, लॅपटॉप घरी नेला तरी उघडली. मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे वळले. तिच्यावर कुणाचं तरी जाकीट टाकलेलं होतं.

साहेब म्हणाले, “व्हेरी गुड. लेकिन अब तो बाहरवालों से बात पक्की हो गई है.”

“सर, उनको वापस बुला सकते हैं?”

त्यांनी खरंच थोडा विचार केला. “वो आएंगे नहीं,” ते म्हणाले. मला वाटतं, ते बरोबर होते.

रविवारी मी फरीदाबादला गेले. काकूंनी दार उघडलं, पोहे केले. काका माझं सगळं ऐकत राहिले, मध्येच एकदोन नेमके प्रश्न विचारले. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्यांनी बाण काढून पाहिला, आतून बाहेर, बाहेरून आत.

“वळून येत होती होय,” ते म्हणाले. “मी सारखा सर्व्हरच बघत बसलो.”

“तुम्ही लॉग मागत होता, काका. लॉग दिला असता तर तुम्हाला लगेच दिसलं असतं.”

“दिसलं असतं,” ते म्हणाले. मग पेन खाली ठेवून, “छान केलंस. मला सुचलं नसतं कदाचित ते दोन उत्तरांचं.” मला ते खरं वाटलं नाही. माझ्यासाठी म्हणत होते.

पुढे त्यांनी ओळखीच्या एका कारखान्यात स्टोअरचं काम धरलं. नटबोल्ट, पट्टे, ग्रीस. मी आणखी मोठ्या कंपन्यांमध्ये गेले आणि फायरवॉल हेच माझं काम झालं. दिवाळीत कधी त्यांच्याकडे जायचे. काका माझ्या आईबाबांची चौकशी करायचे, नागपूरच्या गोष्टी सांगायचे. एका वर्षी मी नव्या यंत्राबद्दल उत्साहानं बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, “आता यातलं मला काही कळत नाही बघ.” मग उठून आत गेले. आतून काकूंना विचारत होते, चहात आलं घातलंस का.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामाचं बोलले नाही. हळूहळू जाणंही कमी झालं. गुडगावहून फरीदाबाद तसं लांबही नव्हतं.